अकरा निजलेल्या कुंड्या

"मेलीत ती, रुपा. अकराच्या अकरा."

"मेली नाय, मॅडम. निजलीत."

"झाडं निजत नसतात."

"ही निजतात."

"मी पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग बघितलंय. एकदाही तू त्या कोपऱ्यात झारी घेऊन गेली नाहीस. खोटं आहे का हे?"

"खरं हाय. पाणी मीच तोडलं."

कपाटावरच्या कॅमेऱ्यातून थोडा वेळ नुसती खरखर आली. मॅडम मुंबईत होत्या आणि त्यांचा आवाज सिद्धगडाच्या पायथ्याशी, त्या कोंबडीच्या अंड्याएवढ्या पांढऱ्या डबीतून हॉलमध्ये पडत होता. माळ्यावर चढलेल्या माणसाशी बोलावं तशी रुपा मान वर करून उभी होती. हातात ओलं फडकं, आणि समोर अकरा कुंड्या ओळीनं, नुसत्या मातीच्या. दिवाळीपर्यंत त्यांत कॅलेडियम होती. कुंकू शिंपडल्यासारखी गुलाबी पानं, काही इतकी पांढरी की पलीकडचा उजेड दिसावा. मॅडमच्या इन्स्टाग्रामवर सगळ्यात जास्त कौतुक ह्याच पानांचं व्हायचं. नोव्हेंबरात ती पिवळी पडली, डिसेंबरात आडवी झाली, आणि आता जानेवारीत रुपानं वाळलेले देठ खुडून टाकले होते.

"आणि गुरुवारचं तुझं जाणं विसर," मॅडम म्हणाल्या. "गुरुवारी चौदा जणी येतायत माझ्याकडे. घरातली झाडं कशी निवडायची, कशी जपायची ते शिकायला. त्यांच्यापुढे मातीच्या कुंड्या मांडू?"

गुरुवार म्हटल्याबरोबर रुपाच्या हातातलं फडकं आपोआप पिळलं गेलं आणि पाणी फरशीवर सांडलं.

तिचं सगळं त्या गुरुवारावर टांगलेलं होतं. वर, सिद्धगडाच्या कुशीतल्या वाडीत, तिच्या बापानं, धाकलूनं, चाळीस वर्षं एक वरकस तुकडा कसला होता. उताराची जमीन, भात होत नाही, पण नागली आणि वरई होते. जमीन जंगलाची, कसणारा धाकलू. वनहक्काचा दावा टाकला तो धाकलूनं, आणि मोजणीची वाट बघत दोन वर्षांपूर्वी तो गेला. आई त्याच्या आधीच गेलेली. भाऊ नाही, बहीण नाही. आता मोजणीवाले येणार होते, यंत्र घेऊन. वाडीच्या समितीतला ज्ञानेश्वर महिन्यापूर्वीच फोन करून बोलला होता, की ज्याचा तुकडा त्यानं बांधावर उभं राहायचं, चालून हद्द दाखवायची. कोणी उभं नसलं तर यंत्र पुढच्या बांधावर जाईल. मग परत कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. आणि धाकलूची हद्द कागदावर नव्हती. ती हिरड्याच्या झाडापासून खालच्या फुटक्या कातळापर्यंत होती, आणि आता एकट्या रुपाच्या पायांना ठाऊक होती.

महिन्यापूर्वी मॅडम "जा की" म्हणाल्या होत्या. मग त्यांनी आपला कार्यक्रम त्याच गुरुवारी ठेवला. मुद्दाम नव्हे. त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

रुपा खाली बसली. पहिल्या कुंडीत दोन बोटं घालून तिनं माती बाजूला सारली आणि एक तपकिरी कंद वर काढला, लहान कांद्याएवढा, अंगाला सुरणासारखे डोळे असलेला. तो तिनं कॅमेऱ्यासमोर धरला.

"हा बघा. दाबला तर दबत नाय. मेलेला असता तर पचपचला असता. आमच्या डोंगरात शेवळं असतात ना, मॅडम, तुमी मागं भाजी खाल्ली होती, काकडं घालून केलेली. ती दिवाळीनंतर औषधाला सापडत नाय. पान नाय, दांडा नाय. मंग काय ती मेली? खाली निजतात. आता ह्यात पाणी घातलं तर निजल्या जागी कुजतील."

"शेवळं जंगली असतात, रुपा. ही थायलंडची आहेत."

"थायलंडात निजायची बंदी हाय काय?"

ते बोलायला नको होतं. पण ती बोलून गेली, आणि डबीतला आवाज खट्कन बंद झाला.

*

बारा बंगल्यांच्या रांगेतला हा शेवटचा. मॅडम महिन्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस बंगल्यात एकशे चाळीस कुंड्या आणि रुपा. चारी बाजूंनी काच. खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण टोकावड्याच्या रस्त्याची धूळ आणि हिवाळ्यातला कोरडा वारा पानांना सोसत नाही. कोपऱ्यात एक यंत्र दिवसभर वाफ सोडायचं. बाहेर माणसांच्या टाचा फुटत, आणि आत बारमाही भादवा. सात वर्षांत रुपानं ह्या काचेतून सिद्धगड इतक्या वेळा पाहिला होता की पायानं चढलेला डोंगर तोच, हे तिला स्वतःलाच सांगावं लागे. बापाच्या अकराव्यालासुद्धा ती सकाळी गेली आणि दिवस मावळायच्या आत परत आली होती, कारण दोन नवीन झाडं त्याच दिवशी येणार होती.

झाडांचं काम तिला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं घोळ केला होता. नागलीच्या रोपांसाठी जमीन भाजतात, राब करतात. त्या राखेवर रोप कसं तरारून येतं हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून तिनं चुलीतली राख प्रेमानं चाळून सगळ्या कुंड्यांना मूठमूठ घातली. आठवड्यात कॅलेथियाच्या पानांच्या कडा अशा करपल्या, की जणू कोणी त्यांनाच राबात घातलं. मॅडमना तिनं ते कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती झाडांना आपलं माहीत असलेलं सांगायची थांबली आणि त्यांचं ऐकायला लागली.

नावंही तिनं आपली ठेवली. मॉन्स्टेरा म्हणजे फाटका. कॅलेथिया म्हणजे नमस्कारवाली, कारण दिवस कलला की ती पानं वर करून हात जोडते. फिडल लीफ म्हणजे रुसूबाई. हातभर इकडची तिकडे केली की चार पानं टाकते. झीझी म्हणजे उंट, महिनाभर पाणी मागत नाही. नमस्कारवालीला बोअरचं पाणी चालत नाही, टोकं जळतात, म्हणून रुपा एसीच्या नळीखाली बादली लावून ते पाणी साठवायची. दर सोमवारी प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवायची, नाहीतर झाड उजेडाकडे मान टाकून वाकडं होतं.

निवडायलासुद्धा मॅडम तिला बरोबर न्यायला लागल्या होत्या, आसनगावच्या पुढं महामार्गावरच्या एका नर्सरीत. मॅडम लांबून सगळ्यात मोठ्या, सगळ्यात चकचकीत झाडाकडे बोट दाखवत. रुपा आधी कुंडी तिरकी करून बूड बघे. भोकांतून मुळं बाहेर लोंबत असली की झाड कोंडलंय. मग पान उलटं करून देठाच्या बगलेत बघे, किडीचा पांढरा कापूस दिसतोय का. एकदा तिनं मॅडमच्या हातातून पुरुषभर उंचीचं झाड परत ठेवायला लावलं आणि गुडघ्याएवढं उचललं. "हे पालेदार दिसतंय ते खतावर सुजलंय," ती म्हणाली. "घरात नेलं की ओसरेल." नर्सरीवाल्यानं तेव्हा तिच्याकडे असं बघितलं होतं, की घरी येईपर्यंत तिला आतल्या आत हसू येत होतं.

*

मंगळवारी मॅडमचा फोन आला. कॅमेरा नाही, फोन. आवाजात लोणी.

त्यांनी कंदाचा फोटो कोण्या जाणकाराला पाठवला होता. त्यानं कळवलं होतं की कंद उत्तम आहेत, थंडीत ही झाडं विश्रांती घेतात, पाणी तोडलं हेच बरोबर केलं, आणि हे ज्यानं केलं त्याला सोडू नका.

"सोडू नका, असं लिहिलंय त्यांनी," मॅडम हसत म्हणाल्या. "मी काय ठरवलंय माहितीये? गुरुवारी त्या अकरा कुंड्याच मधोमध मांडायच्या. आणि बोलायचं तू. तुझ्या भाषेत. शेवळं, निजणं, सगळं. बायका वेड्या होतील."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चुकली असती तर हाकलून तरी दिली असती, आणि गुरुवारी ती मोकळी बांधावर असती. खरी ठरली आणि अडकित्त्यातल्या सुपारीसारखी अडकली.

मॅडम, मोजणी, ती म्हणाली. मॅडमनी ऐकून घेतलं. अगदी मनापासून ऐकलं. मग म्हणाल्या की त्यांच्या ओळखीचं कोणीतरी ठाण्यात आहे, त्याला सांगून मोजणी पुढं ढकलता येईल का बघू. रुपा म्हणाली, नको, पुढं ढकलूनच बाप गेला.

तिनं गुरुवारी आपल्या जागी जिवलीचं नाव सुचवून बघितलं. जिवली शेजारच्या बंगल्यात कामाला. रुपानं तिला आणून हॉलभर फिरवलं, सगळं समजावलं. जिवलीनं कमरेवर हात ठेवून शांतपणे सगळं पाहिलं.

"ह्याला फळ काय लागतं गो?"

"नाय लागत."

"फूल?"

"नाय."

"ढोरं खातात?"

"विषारी हाय."

"मंग ह्याचं तोंड रोज पुसायचं कशाला?"

जिवली तोंडावर पदर धरून हसत परत गेली. मॅडमनीही जिवलीचं नाव ऐकून घेतलं नाही.

संध्याकाळी रुपानं नवऱ्याकडं विषय काढला. हनुमान बाराही बंगल्यांच्या फाटकावर वॉचमन. बंगल्याच्या मागच्या एका खोलीत दोघं राहत. पोरगी, पूजा, मुरबाडला होस्टेलवर. खोली मॅडमची, वीज मॅडमची, फाटकावरची नोकरीही मॅडमच्या शब्दावर मिळालेली. हनुमान वाईट माणूस नव्हता. फक्त ज्या फांदीवर बसलोय ती हलली तरी त्याला घाम फुटायचा.

"बाई खूश हाय ना तुझ्यावर? मंग गप ऱ्हा की," तो भाकरी मोडत म्हणाला. "जमीन काय पळून जातेय?"

"जमीन नाय पळत. मोजणारे पळतात."

"आणि खोली गेली तर? वरकसात निजशील?"

"बाप निजायचा."

हनुमाननं भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, की धाकलू मामाला दुसरी जागाच नव्हती, आपल्याला आहे. हे बोलणं खरं होतं, आणि म्हणूनच तिला रात्रभर टोचत राहिलं.

बुधवारी दुपारी ज्ञानेश्वरचा फोन आला. मोजणी वरच्या अंगानं सुरू होणार होती. "रुपाबाय, तुझा नंबर साडेबाराच्या आत येत नाय," तो म्हणाला. "पण येऊन उभी ऱ्हा हां. मी यंत्र धरून ठेवू शकत नाय."

बंगल्यापासून वाडी तासाभराची चढण. अकराला निघालं तर पुरेल. तेवढ्या फटीला धरून ती बुधवारी संध्याकाळी मॅडमसमोर उभी राहिली. मॅडम नुकत्या गाडीतून उतरल्या होत्या, थकल्या होत्या, आणि चटकन हो म्हणाल्या.

"दहा ते अकरा बोल. अकराला तुला सोडते. शब्द."

सोडते. दावणीच्या गाईला सोडतात तसं. पण शब्द तर दिला होता. रुपानं त्याच रात्री बापाच्या दाव्याची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये ठेवून पाहिली, बसते का. बसली.

*

चौदा जणी पावणेदहाला आल्या. सगळ्यांनी आधी चपला काढल्या, मग काचेशी जाऊन सिद्धगडाचे फोटो काढले, मग झाडांचे. खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. मधोमध अकरा मातीच्या कुंड्या, त्यांच्या मागं रुपा. तिच्या आणि दाराच्या मध्ये चौदा खुर्च्या, हे तिनं उभी राहताक्षणी पाहिलं.

सुरुवातीला ती नुसत्या कुंड्यांच्या कडा पुसत राहिली. मग एकीनं विचारलं, की ह्या रिकाम्या कुंड्या कशाला ठेवल्यात, आणि रुपानं कंद उकरून तिच्या तळहातावर ठेवला. "दाबा," ती म्हणाली. "घाबरू नका, उठत नाय तो." बायका हसल्या. कंद हातोहात फिरून परत रुपाच्या तळहातावर आला. त्यानंतर बोलणं आपोआप येत गेलं. झाड विकत घेताना पान बघू नका, बूड बघा. सून बघताना बघत नाही का लोक, घरचं पाणी कसं आहे ते. पाणी वार बघून घालू नका, मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर घाला. नवीन झाड आणलं की त्याला आठ दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा, सोबत कोण आलंय ते कळतं. रुसूबाईला एकदा जागा दिली की तिथून हलवू नका, तिचा राग आपल्यापेक्षा मोठा असतो.

कोणी वहीत लिहीत होतं, कोणी मोबाइलवर उतरवत होतं. एका तरुणीनं तिला "रुपाताई, तुम्ही कोर्स कुठं केलात?" असं विचारलं. रुपा म्हणाली, "डोंगरात," आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिच्या अंगावर उन्हासारख्या पडल्या. तिला आवडलं. आवडलं हे खोटं कशाला बोलावं. आयुष्यात चौदा माणसं कधी तिच्या तोंडाकडं बघत गप्प बसली नव्हती. मॅडमही खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून अभिमानानं बघत होत्या, आणि तो अभिमान खरा होता.

भिंतीवर अकरा वाजले. रुपानं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी हसून दोन बोटं वर केली. दोन मिनिटं.

कोणीतरी आपल्या घरच्या झाडाचा फोटो पुढं केला. पानावर तपकिरी डाग. रुपानं सांगितलं. दुसरीनं केला. तिसरीनं केला. प्रत्येक फोटोत एक आजारी झाड आणि त्याच्यामागं एक घर, एक काच. सव्वाअकरा झाले. रुपानं परत पाहिलं. मॅडम चहाचं सांगायला आत वळल्या होत्या. अकरा पंचवीसला त्या कपांचा ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "रुपा, ह्यांच्या कॅलेथियाचं तेवढं बघ ना गं, फार लांबून आल्यात." त्यात हुकूम नव्हता. हुकूम असता तर बरं झालं असतं. हुकुमाला निदान नाही म्हणता येतं.

ब्लाउजमधली पावती घामानं अंगाला चिकटली होती. वाफेचं यंत्र फुसफुसत होतं. काचेपलीकडं डोंगर लख्ख उन्हात उभा होता, इतका जवळ की हिरड्याचं झाड बोटानं दाखवता आलं असतं, आणि आत तिच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं. साडेअकराला कमरेचा फोन थरथरला. ज्ञानेश्वर. तिनं वळून कानाला लावला.

"रुपाबाय, लवकर उरकतायत ते. तुझ्या वर दोनच बांध ऱ्हायले. निघालीस ना?"

ती काही बोलायच्या आत मॅडम जवळ आल्या, तिच्या दंडाला हलकेच हात लावून म्हणाल्या, "झालंच. शेवटचा एक प्रश्न. मग मी स्वतः गाडीनं सोडते तुला, जिथपर्यंत रस्ता आहे तिथपर्यंत." गाडीचा रस्ता वाडीच्या उलट्या बाजूनं, वळसा घालून जातो, हे मॅडमना माहीत नव्हतं. त्या वाडीला कधी गेल्या नव्हत्या.

शेवटचा प्रश्न एका वयस्क बाईंचा होता. पांढरे केस, सुती साडी. सगळ्यांत कमी बोललेल्या. त्या उठून रुपासमोर आल्या, हात जोडले, आणि फार मायेनं विचारलं, "सगळं पटलं हो तुमचं. मला फक्त एवढंच सांगा, आपण चार-आठ दिवस घर सोडून कुठं गेलो, तर ह्यांना कोणी बघायचं?"

चौदा जणी वह्या उघडून वाट बघत होत्या. मॅडमही.

रुपाच्या तळहातावर अजून तो कंद होता. तिनं तो त्या बाईंच्या हातात दिला, दोन खुर्च्यांच्या मधून अंग चोरून वाट काढली, आणि चपलाही न शोधता दाराबाहेर पडली.